हिशेबाची वही कोणाची? डहाणू-तलासरीचे तीन ताळेबंद

वर्ष सरत आले की आपण सारे हिशेब मांडायला बसतो. काय वाचले, काय लिहिले, काय लिहायचे राहून गेले. कोणता संकल्प पार पडला आणि कोणता मार्चच्या आतच विरून गेला. या आत्मपरीक्षणासाठी आपण जे शब्द वापरतो ते मात्र जरा थांबून पाहण्यासारखे आहेत. ताळेबंद, लेखाजोखा, जमाखर्च, शिल्लक, गोळाबेरीज हे सगळे शब्द पेढीवरून, सावकाराच्या ओसरीवरून आणि लाल कापडात बांधलेल्या वहीतून आलेले आहेत. मनाच्या व्यवहाराला व्यापाराची परिभाषा आपण इतकी सहज लावतो की तिच्यात काही गृहीत धरलेले आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. ते गृहीत असे : वही माझी आहे, लेखणी माझ्या हातात आहे आणि सरलेले वर्ष माझ्याच मालकीचे होते.

हे गृहीतक सर्वांनाच लागू पडते का? हा प्रश्न आम्हांला पडला तो डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांशी संबंधित काही पुस्तके पुन्हा वाचताना. आज हे तालुके पालघर जिल्ह्यात आहेत. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होते. तलासरी हा स्वतंत्र तालुका तर १९६० च्या राज्यरचनेनंतरचा. जुन्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, उरलेल्या गावांतून तलासरी घडला. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या या अरुंद पट्ट्यात मराठी साहित्याच्या आणि कलेच्या इतिहासातली तीन विलक्षण कामे उभी राहिली. तिन्ही कामे करणाऱ्यांनी आयुष्याचा हिशेब कोणत्या ना कोणत्या रूपात मांडला, आणि तिघांच्याही हिशेबात आपल्या नेहमीच्या परिभाषेला न सापडणारे काहीतरी उरते. त्याची थोडी ओळख करून घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. अंगठ्याने संपणारे वर्ष

प्रारंभी या प्रदेशातल्या वर्षाचाच विचार केला पाहिजे. वारली कुटुंबाचे वर्ष भाताभोवती फिरते. उन्हाळ्यात जमिनीवर पालापाचोळा जाळून राब भाजायचा, पावसाबरोबर रोपे टाकायची, मग चिखलात लावणी. आषाढ-श्रावणात, म्हणजे अंगमेहनत सर्वांत जास्त असते त्याच दिवसांत, घरातले धान्य संपलेले असते. तेव्हा सावकाराकडून खावटी आणायची आणि पीक आल्यावर दिढीने, प्रसंगी दुपटीने फेडायची. पीक निघाले की ते खळ्यावरूनच जमीनदाराचा खंड आणि सावकाराची फेड यांत जायचे. मग जंगलातले गवत कापायचे, लाकडे तोडायची. त्याची मजुरी ठेकेदार ठरवील ती.

याखेरीज वेठ होतीच. बोलावणे आले की स्वतःचे शेत सोडून मालकाच्या शेतावर फुकट राबायला जायचे. सर्वांत भयंकर प्रकार लग्नगड्याचा. लग्नासाठी शे-दोनशे रुपये उचलले की ते कर्ज फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी मालकाच्या दारी राहायचे. आणि ते फिटत नसे, कारण फिटले की नाही हे ठरवणारी वही मालकाच्या घरी असे. मुंबई सरकारच्या वतीने डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३८ मध्ये आदिवासी भागांसंबंधी जो अहवाल तयार केला, त्यात वेठ, कर्जाची गुलामी आणि अत्याचार यांची नोंद आहे. म्हणजे ही केवळ चळवळीच्या प्रचाराची भाषा नव्हती. ती सरकारी दप्तरातही उमटली होती.

या व्यवस्थेत वर्षअखेर म्हणजे काय होते? सुगी संपल्यावर एक माणूस न वाचता येणाऱ्या वहीपुढे उभा राहतो. त्याच्या साऱ्या वर्षाचा हिशेब त्यात दुसऱ्याने, दुसऱ्याच्या लिपीत आणि दुसऱ्याच्या सोयीने मांडलेला असतो. खाली तो अंगठा उठवतो आणि पुढचे वर्षही गहाण पडते. ‘मी या वर्षी काय मिळवले’ हा प्रश्न त्याला विचारताच येत नाही, कारण प्रश्नातला ‘मी’च त्या वहीत कर्जदार म्हणून नोंदलेला असतो. स्वतःचा ताळेबंद मांडता येणे हे स्वातंत्र्याचे एक रूप आहे, हे आम्हांला या तपशिलांनी शिकवले. डिसेंबरअखेर डायरी उघडून ‘काहीच जमले नाही यंदा’ अशी हळहळ व्यक्त करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ठाऊक असलेले बरे.

२. ‘जेव्हा’ आणि ‘तेव्हा’

गोदावरी परुळेकर (१९०७–१९९६) माहेरच्या गोखले. जन्म पुण्याचा, घर सुखवस्तू वकिलाचे, शिक्षण फर्ग्युसनमध्ये आणि नंतर कायद्याचे. महाराष्ट्रातल्या कायद्याच्या पहिल्या महिला पदवीधरांत त्यांची गणना होते. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य. मुंबईत साक्षरतेचे आणि घरकामगार स्त्रियांच्या संघटनेचे काम करत करत १९३९ च्या सुमारास त्या कम्युनिस्ट पक्षात आल्या. त्याच वर्षी शामराव परुळेकरांशी विवाह झाला. शामराव मुळात डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या तिकिटावर १९३७ मध्ये निवडून आलेले आमदार. पुढे १९५७ मध्ये ते ठाण्यातून लोकसभेवर गेले.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले आणि तेथे काही वारली आले. तेथून पुढचा इतिहास वेगाने घडतो. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, खाजगी शेतावर फुकट राबायचे नाही, असा निर्धार झाला. लग्नगडी मोकळे होऊ लागले. पावसाळा संपताच गवतकापणीच्या दराचा लढा उभा राहिला : पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. आजच्या वाचकाला हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण येथे प्रथमच श्रमाचा दर श्रम करणाऱ्याने सांगितला होता. वहीतला एक रकाना वारली स्वतः भरू पाहत होता.

त्याची किंमत लगेच वसूल झाली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी खोट्या निरोपांनी लोकांना तलवाड्याला गोळा करण्यात आले. गोदूताईंच्या जिवाला धोका आहे असे ऐकून माणसे धावली आणि त्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण ठार झाले. जेठ्या गांगड हे त्यांतले पहिले नाव. आजही १० ऑक्टोबरला तलासरी भागात हुतात्म्यांचे स्मरण होते. पुढे परुळेकर दांपत्यावर हद्दपारीचे हुकूम निघाले. तरी १९४६ च्या हंगामात गवताचा आणि जंगलकामाचा संप पुन्हा झाला आणि रोज सव्वा रुपया मजुरीची मागणी ठेकेदारांना मान्य करावी लागली.

या लढ्याविषयी शामरावांनी १९४७ मध्येच इंग्रजीत ‘रिव्होल्ट ऑफ द वारलीज’ ही पुस्तिका लिहिली. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ प्रसिद्ध झाले ते १९७० मध्ये. दोहोंमध्ये तेवीस वर्षांचे अंतर आहे आणि आमच्या मते साहित्याच्या अभ्यासकाने या अंतराकडे लक्ष द्यायला हवे. घटना तीच, लढणारी माणसे तीच, लिहिणारी दोघेही त्याच लढ्यातली. मग पुस्तिका दोन वर्षांत होते आणि पुस्तकाला पाव शतक का लागते?

एक उत्तर सरळ आहे. लिहायला वेळच नव्हता. या पंचवीस वर्षांत तुरुंग होता, भूमिगत जीवन होते, पक्षातली फूट होती. १९६५ मध्ये शामराव स्थानबद्धतेत असतानाच गेले. ‘बंदिवासाची आठ वर्षे’ या त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाचे शीर्षकच एक बेरीज आहे. आयुष्यातली आठ वर्षे कोणत्या खाती टाकायची याचा विचार त्यात अध्याहृत आहे. दुसरे उत्तर थोडे अवघड आहे. कार्यकर्त्याची भाषा ठरावाची, पत्रकाची आणि अहवालाची असते. तिला मागण्या माहीत असतात, आकडे माहीत असतात, शत्रू माहीत असतो. एखादा वारली मालकापुढे पहिल्यांदा ‘नाही’ म्हणतो, त्या ‘नाही’च्या आधी त्याच्या चेहऱ्यावर काय उमटून जाते, हे लिहायला वेगळी भाषा लागते. ती पत्रकातून मिळत नाही. आठवणींना बराच काळ मुरावे लागते, आणि लिहिणाऱ्याला आपल्याच विजयापासून थोडे दूर जावे लागते. गोदावरीबाईंचा सर्जनाचा झगडा आम्ही येथे पाहतो. ज्या लेखनासाठी १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते वयाची साठी ओलांडलेल्या, आयुष्यभर साहित्यिक म्हणून न वावरलेल्या बाईंचे होते.

शीर्षकाचे व्याकरण पाहा. पुस्तक आत्मपर आहे, पण शीर्षकात ‘मी’ नाही. ‘वारली’ही नाही, ‘माणूस’ आहे. ज्याला माणूस म्हणून कोणी मोजलेच नव्हते त्याला तो शब्द प्रथम बहाल केला आहे. क्रियापद ‘जागा होतो’ असे अकर्मक आहे. ‘जागे केले’ असे लिहिणे सोपे होते. कितीतरी समाजसेवकांच्या आत्मचरित्रांत ते प्रयोजक क्रियापद उघडपणे वा आडून येते. येथे जागा होणारा स्वतः कर्ता आहे, लेखिका साक्षी आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, ‘जेव्हा’ने सुरू होणारे हे वाक्य अपुरे आहे. मराठीत ‘जेव्हा’ आले की ‘तेव्हा’ यावे लागते. लेखिकेने ते दिलेले नाही.

वर्गात हे पुस्तक शिकवताना एक आक्षेप नेहमी येतो आणि तो यावाच. वारल्यांची कथा अखेर पुण्याच्या एका शिकलेल्या बाईंनी सांगितली. त्यांचे बोलणे प्रमाण मराठीतून गाळून आपल्यापर्यंत आले. मग सावकाराची वही जाऊन कार्यकर्त्याची वही आली, एवढाच फरक का? आम्ही हा आक्षेप झटकून टाकत नाही. दुसऱ्याच्या वतीने लिहिलेला हिशेब, तो कितीही प्रेमाने लिहिलेला असो, दुसऱ्याच्या वतीनेच लिहिलेला असतो. तरी दोन वह्यांत एक भेद आहे. सावकाराच्या वहीत लिहिणारा अदृश्य असतो. तेथे फक्त कर्जदार दिसतो. गोदावरीबाईंच्या पुस्तकात बाहेरून आलेली बाई सतत दिसत राहते : तिचे चालणे, तिचे शिकणे, तिला न कळणे. लिहिणाऱ्याने आपली जागा उघड केली की वाचकाला त्या जागेशी वाद घालता येतो. आमचे विद्यार्थी हा आक्षेप घेऊ शकतात, याची सोय त्या पुस्तकानेच करून ठेवली आहे.

३. टेकडीवरून दिसणारे

ज्या १९४५ मध्ये झरीला वारली जमले, त्याच १९४५ मध्ये डहाणू तालुक्यात, समुद्राकाठच्या बोर्डीला ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सोबत अनुताई वाघ होत्या. अंतर काही मैलांचे. पण एक रस्ता लाल बावट्याचा, दुसरा माँटेसरी आणि गांधीविचार यांच्या मेळातून आलेला. समकालीन इतिहासात हे दोन रस्ते एकमेकांना क्वचितच भेटतात, आणि आपल्या अभ्यासक्रमांतही ते वेगवेगळ्या प्रकरणांत राहतात. एक ‘चळवळीचे साहित्य’, दुसरे ‘शैक्षणिक आत्मकथन’. भूगोल मात्र त्यांना एकत्र आणतो.

अनुताईंचा (१९१०–१९९२) जन्म मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळच्या हिशेबाने हे आयुष्य तेथेच बंद झालेले खाते होते. माहेरच्यांनी शिकवले, त्या शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेत अनेक वर्षे शिकवले. मग पस्तिशीत त्या बोर्डीला आल्या. पुढे काम कोसबादच्या टेकडीवर गेले आणि अनुताई अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. पदवी त्यांनी घेतली ती पन्नाशीनंतर. आपल्याकडे ‘अमुक वयाच्या आत अमुक मिळवले पाहिजे’ असा जो अलिखित तक्ता असतो, त्यात ही तारीख कोठे बसवायची?

कोसबादच्या कामातली आम्हांला सर्वांत शिकवणारी गोष्ट म्हणजे अपयशाला दिलेला प्रतिसाद. मुले शाळेत येत नाहीत, हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न होता. एखाद्या अहवालात त्याचे कारण ‘पालकांची अनास्था’ असे सहज नोंदवता आले असते. या दोघींनी मुलांकडे नीट पाहिले. लहान मूल येत नाही, कारण ते पाड्यातल्या अंगणातच असते. म्हणून शाळा अंगणात नेली, ती अंगणवाडी. थोडे मोठे मूल येत नाही, कारण ते गुरे राखायला जाते. म्हणून शाळा कुरणावर नेली, ती कुरणशाळा. मोठी बहीण येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून शाळेलाच पाळणाघर जोडले. शिक्षणासाठी महागडी साधने लागतात ही समजूत मोडून बिया, शिंपले, पाने, खडे ही साधने झाली. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. आज देशभर, कितीतरी भाषांत वापरला जाणारा हा शब्द डहाणूच्या पाड्यांवरून गेला आहे. एका शब्दाची ही कमाई एखाद्या ग्रंथाहून कमी आहे असे आम्हांला वाटत नाही.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. पण अनुताईंच्या आत्मकथनाचे नाव पाहा : ‘कोसबादच्या टेकडीवरून’. येथेही ‘मी’ नाही. एक ठिकाण आहे आणि ‘वरून’ हा प्रत्यय आहे. आत्मचरित्राचा नायक जणू टेकडी आहे. लेखिका तेथे उभी राहून पाहते आहे. गोदावरीबाईंच्या शीर्षकात काळ आहे, अनुताईंच्या शीर्षकात स्थळ. दोघींनी ‘मी’ची जागा दुसऱ्या कशाला तरी दिली. विसाव्या शतकातल्या मराठी स्त्रियांच्या आत्मकथनांत ‘मी’ म्हणण्याचा जो संघर्ष आहे त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. ‘मी’ म्हणण्याचे बळ अंगी असूनही तो शब्द मागे ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे. तिच्याविषयी अजून लिहायला हवे.

४. सारवलेली भिंत

तिसरा हिशेब अक्षरांत नाहीच. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) हे मूळचे आजच्या तलासरी तालुक्यातल्या धामणगावचे. आयुष्य गेले ते डहाणू तालुक्यात गंजाडच्या कळंबीपाड्यात. लहानपणीच आई गेली आणि मुलाने बोलणे सोडले, तो मातीत रेघोट्या काढून आपले म्हणणे सांगू लागला, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते.

वारली चित्र मुळात स्त्रियांचे. लग्नघरात, शेणामातीने आणि गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. बांबूची काडी चावून तिचा कुंचला करायचा, पीठ पाण्यात कालवायचे. चौकटीत पालघट देवी येते. धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. हे चित्र भिंत सजवण्यासाठी नसते; ते झाल्यावाचून लग्न लागत नाही. ज्या बायांनी पिढ्यानपिढ्या हे चौक लिहिले त्यांतल्या कोणीही खाली नाव घातले नाही. घातले असते तरी ते टिकले नसते, कारण भिंत पुन्हा सारवली जाते.

सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी हा चित्रकार या पाड्यांवर पोहोचला. जे. जे.त शिकलेला, बिहारच्या दुष्काळाच्या वेळी मिथिलेतल्या स्त्रियांच्या हाती कागद देऊन आलेला हा माणूस. त्याने येथेही कागद आणि कापड दिले. जिव्यांचे चित्र भिंतीवरून सुटे झाले, आणि विधीतून सुटल्यावर ते वेगळे काही सांगू लागले. मुंग्यांच्या रांगा, पाण्यात फेकलेले भलेमोठे जाळे, भाताची खळी, तारप्याभोवती फिरणारी माणसांची साखळी. दोन त्रिकोणांचे तेच माणूस, पण प्रत्येकाचा तोल निराळा. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन झाले, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंतासोबत त्यांचे काम मांडले गेले. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री.

ही यादी वाचून ‘केवढे यश’ असे म्हणून थांबता येत नाही. यशाबरोबर काही प्रश्नही आले. स्त्रियांच्या हातातले चित्र बाजारात गेले तेव्हा नाव झाले ते आधी पुरुषांचे. निनावी विधीला सहीची गरज पडली. मग ही माणसे चादरींवर, चहाच्या पेल्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर गेली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तरी नक्कल थांबलेली नाही. ज्या माणसांच्या श्रमाचा हिशेब एके काळी सावकाराने लिहिला, त्यांच्या रेषेचा हिशेब आता कोणाच्या वहीत आहे, हा प्रश्न उरतोच. दुसरीकडे जिव्यांनी परंपरेची केवळ उजळणी केली नाही. त्यांनी तिच्यातून स्वतःचे पाहणे घडवले. परंपरेचा कलावंत म्हणजे पुनरावृत्ती करणारा, ही आपली नागरी समजूत त्यांच्या चित्रांपुढे टिकत नाही.

भास्कर कुलकर्णींचा विचार या ठिकाणी मनात येतोच. स्वतः चित्रकार असलेल्या या माणसाचे नाव आज घेतले जाते ते मिथिला आणि वारली या दुसऱ्यांच्या चित्रांसाठी. १९८३ मध्ये ते गेले. आयुष्याचा हिशेब मांडताना दुसऱ्याच्या हाती दिलेला कागद जमेत धरायचा की खर्चात? आम्हां शिक्षकांना हा प्रश्न परका नाही. आपले लिहायचे राहिले आणि एखाद्या विद्यार्थ्याचे लिहून झाले, असे वर्ष ज्याच्या वाट्याला आले आहे त्याला तो कळेल.

५. शिल्लक

महाविद्यालयांत वर्षाकाठी स्वयंमूल्यमापनाचा एक तक्ता भरावा लागतो. किती निबंध वाचले, किती छापले, किती चर्चासत्रांना हजेरी लावली. प्रत्येकाला गुण आणि शेवटी बेरीज. मोजमाप नसावेच असे आमचे म्हणणे नाही. पण पंचवीस वर्षे मुरलेले पुस्तक, कुरणावर नेलेली शाळा आणि सारवून पुसला जाणारा चौक यांना त्या तक्त्यात रकाना नाही, हे भरताना ध्यानात असावे. त्या तक्त्याने गोदावरीबाईंची १९४५ ते १९७० ही सारी वर्षे लेखनाच्या दृष्टीने जवळजवळ कोरी ठरवली असती.

तिन्ही हिशेबांत एक साम्य आम्हांला दिसते. तिघांनीही दुसऱ्याने आखलेली वही नाकारली. वारल्यांनी सावकाराची, अनुताईंनी बालविधवेच्या नशिबी आलेली, आणि जिव्यांनी ‘हा आदिवासी म्हणजे अनामिक कारागीर’ अशी कलाबाजाराची. आणि तिघांनीही आपली नवी वही एकट्याच्या नावाने उघडली नाही. वर्षअखेरच्या आत्मपरीक्षणात आपण बहुधा उलटे करतो : वही दुसऱ्याने आखलेली घेतो आणि तिच्यावर नाव तेवढे आपले घालतो.

या दोन तालुक्यांचा हिशेब अजून चालूच आहे. तलासरीतून द्रुतगती महामार्ग आणि बुलेट ट्रेनचा मार्ग जातो. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, त्याच वर्षी ३० ऑगस्टला पायाभरणी झाली, आणि मच्छीमारांचा विरोध त्याआधीपासूनचा आहे. जमीन, पाणी, जंगल यांच्या किमती पुन्हा एकदा कोठेतरी लिहिल्या जात आहेत. या वेळी मात्र या पाड्यांवरची मुले महाविद्यालयांत आहेत. काही मराठी घेऊन एम. ए. करतात. वही वाचता येणारी आणि लिहिता येणारी ही पिढी आहे. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाविषयी त्यांनी काय लिहावे हे आम्ही सांगू नये. त्यांनी कदाचित गोदावरीबाईंशीही वाद घालावा आणि आपल्या आजीच्या बोलीत घालावा.

त्या शीर्षकातले ‘तेव्हा’ अजून लिहायचे आहे. सरत्या वर्षाच्या याद्यांत ते आम्हांला सापडले नाही. पुढच्या वर्षी ते कोणाच्या हातून लिहिले जाईल, याची आम्ही वाट पाहतो आहोत.